चिऊ-पान-च्यू-वून: आंधळ्या नकलेवरची कँटोनीज म्हण शिकायची कशी आणि वापरायची कुठे

हाँगकाँगात कुणी दुसऱ्याचं बघून जसंच्या तसं काही उतरवलं की लोक चार शब्दांत निकाल लावतात: चिऊ पान च्यू वून. शब्दशः अर्थ 'नमुन्याप्रमाणे वाडगा शिजव'. आपल्याकडे पंडिती मराठीत 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणतात ना, पोथीत माशी चिकटून मेली होती म्हणून नक्कल उतरवणाऱ्याने नव्या प्रतीतही त्याच जागी एक माशी मारून चिकटवली, त्याच घराण्यातली ही म्हण, फक्त पोथीतून न येता स्वयंपाकघरातून आलेली.

पण एक फरक आहे आणि हा एवढा लांबलचक लेख त्या फरकासाठीच लिहितोय. माशीवाली म्हण कायम टोमणाच असते. चिऊ पान च्यू वून बऱ्याचदा नुसती सूचना असते, 'दिलंय तसं कर, जास्त डोकं लावू नको' एवढीच, म्हणजे आपल्या 'नमुन्याबरहुकूम'सारखी. ती टोमणा म्हणून आलीय की सूचना म्हणून, हे त्या चार शब्दांवरून कळतच नाही, त्यांच्या मागेपुढे काय लावलंय आणि कोण कुणाला बोलतंय त्यावरून कळतं. म्हणींची यादी पाठ करून जाणारे लोक इथेच आपटतात, कारण यादीत लिहिलेलं असतं 'आंधळी नक्कल करणे' आणि मग बिचाऱ्या मास्तरने साधी सूचना दिली तरी यांना वाटतं आपल्याला टोचून बोलला.

हे सगळं कुणासाठी, तर हाँगकाँगात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी लोकांसाठी, गार्मेंट किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात तिकडच्यांशी रोज संबंध येतो त्यांच्यासाठी, आणि कँटोनीज सिनेमे-सिरियली बघून दोन वाक्यं बोलता यावीत अशी हौस असलेल्यांसाठी. चिनी लिपी येत नसली तरी चालेल, सगळं कानावर आणि जिभेवर आहे.

पायरी १: रोमन स्पेलिंग विसरा, मराठी जीभ वापरा

कँटोनीज शिकवणाऱ्या पुस्तकांत हल्ली 'ज्यूतपिंग' नावाची रोमन पद्धत असते, हाँगकाँगच्या भाषाविज्ञान मंडळाने १९९३ साली काढलेली. पद्धत उत्तम आहे, पण इंग्रजी सवयीने वाचली की वाट लागते. म्हणीतला दुसरा शब्द त्या पद्धतीत 'बी, ए, ए, एन' असा लिहितात आणि आपण 'बान' म्हणून मोकळे होतो. खरा उच्चार 'पान' आहे. कँटोनीजमध्ये आपल्यासारखे ब, द, ग नाहीतच, तिथे भांडण आहे ते प आणि जोरात श्वास सोडलेल्या फ चं, त आणि थ चं, क आणि ख चं. रोमनमध्ये बी म्हणजे आपला प, पी म्हणजे आपला फ (ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला जुना फ, इंग्रजी एफ नव्हे), डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क आणि के म्हणजे ख. हे एकदा डोक्यात बसलं की इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या गोऱ्या माणसाला जे महिनोन्महिने घोटावं लागतं ते आपल्याला जवळजवळ फुकटात मिळतं.

दुसरं घबाड म्हणजे च. रोमनमधला झेड म्हणजे कँटोनीजचा च, आणि तो बहुतेक ठिकाणी 'चमचा', 'चोर', 'चूल' मधला दंत्य च आहे, हिंदीवाल्यांकडे तो नाही, आपल्याकडे आहे. पुढे ई किंवा त्या जातीचा स्वर आला की तोच 'चिमणी'च्या च कडे झुकतो. रोमनमधला सी म्हणजे छ. चहाला तिकडे 'छा' म्हणतात आणि टपरीवजा हॉटेलला 'छा छान थेंग', तर च आणि छ वेगळे ठेवा, नाहीतर भलताच शब्द होतो.

आता एकेक शब्द घ्या.

चिऊ: चिऊताईतला चिऊच, फक्त ऊ लांबवायचा नाही, इ वरून उ वर पटकन घसरायचं.

पान: विड्याचं पान. आ चांगला लांब. संपलं.

च्यू: इथे थोडी कसरत आहे. मराठीत हा स्वर नाही. तोंडाने 'ई' म्हणा, जीभ जिथे आहे तिथेच धरून ठेवा आणि फक्त ओठांचा चंबू करा, शीळ घालताना करतो तसा. जो आवाज येईल तो स्वर. च्यू लिहिलंय म्हणून मधला य वेगळा ऐकू येता कामा नये, देवनागरीत त्या स्वराला दुसरं चिन्ह नाही म्हणून तसं लिहावं लागतंय.

वून: व म्हणताना दात ओठाला लागू द्यायचे नाहीत, ओठ गोल. ऊ लांब.

पायरी २: सूर

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका, इथेच सगळं बिघडतं.

कँटोनीजला सहा सूर आहेत: पहिला उंच आणि सपाट, दुसरा खालून वर चढणारा, तिसरा मधला सपाट, चौथा खाली पडणारा, पाचवा खालच्या पट्टीत थोडासा चढणारा, सहावा खालचा सपाट. आपल्या म्हणीचे सूर आहेत ३, २, २, २. म्हणजे पहिला शब्द मधल्या पट्टीत सरळ आणि पुढचे तिन्ही चढते.

चढता सूर कसा काढायचा? कुणी अविश्वसनीय काही सांगितलं की आपण 'हो?' म्हणतो, खालून उचलून वर. तो सूर. आता 'पान?', 'च्यू?', 'वून?' असं तीनदा आश्चर्याने विचारल्यासारखं म्हणा आणि मग प्रश्नाचा भाव काढून टाका, नुसता सूर ठेवा. मँडरिन, म्हणजे चीनची अधिकृत, उत्तरेकडची भाषा, शिकलेल्यांना एक सवय असते, तिथे तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला बदलतो. इथे तसलं काही नाही. तीनही शब्द आपापला चढ पूर्ण करतात, त्यामुळे म्हण ऐकताना जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखी लय येते आणि ती लय एकदा कानात बसली की गर्दीतसुद्धा म्हण ओळखू येते.

सूर चुकला तर काय होतं याचा नमुना बघा. 'च्यू' चढता म्हटला तर शिजवणे. तोच उंच सपाट म्हटला तर डुक्कर. खालचा सपाट म्हटला तर राहणे, वस्ती करणे. 'पान' उंच सपाट म्हटला तर वर्ग किंवा टोळी, खालचा सपाट म्हटला तर काम पार पाडणे. 'वून' खालचा सपाट म्हटला तर बदलून घेणे. म्हणजे आपण मोठ्या ऐटीत म्हण फेकायची आणि समोरच्याला ऐकू येणार नमुना, डुक्कर, वाडगा. संदर्भाने तो समजून घेईल हे खरं, पण हसेल आधी.

सरावाची सोपी रीत: मोबाइलवर कुणा हाँगकाँगच्या सहकाऱ्याकडून म्हण सावकाश आणि मग नेहमीच्या वेगाने बोलून रेकॉर्ड करून घ्या, त्याच्या मागे स्वतःची रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐका. आपल्या आवाजात तिसरा आणि चौथा शब्द सपाट पडलेला ऐकू येईल, जवळजवळ सगळ्यांचा पडतो, कारण मराठीत वाक्य संपताना आपण आवाज खाली आणतो आणि इथे शेवटचा शब्दच वर चढवायचाय.

पायरी ३: आतले शब्द समजून घ्या, विशेषतः 'पान'

'चिऊ' म्हणजे 'प्रमाणे, नुसार', पण मूळ अर्थ उजेड पाडणं, प्रतिबिंब पडणं. 'चिऊ केंग' म्हणजे आरशात बघणं. एक्स-रे काढायलाही हाच शब्द. 'च्यू' शिजवणे, 'वून' वाडगा, त्यात काही गुपित नाही.

मजा 'पान'मध्ये आहे. लिहिताना हा शब्द लोक वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, कुणी फळी या अर्थाचं अक्षर घालतं, कुणी आवृत्ती किंवा छपाईचा ठसा या अर्थाचं, आणि हाँगकाँगात तिसरंच एक चालतं जे एरवी 'काम पार पाडणे' म्हणून खालच्या सपाट सुरात वाचतात पण चढत्या सुरात म्हटलं की 'मालाचा नमुना' होतं. कँटोनीजला ही खोड आहे, खालच्या सुरातला शब्द चढत्या सुरात नेऊन त्याचं रोजच्या वापरातलं नाम करायचं. तर व्यापारात सॅम्पल म्हणजे 'पान'. मालाचं सॅम्पल 'फो पान' (या 'फो'तला आणि पुढच्या 'फोंग', 'फान', 'फुंग'मधला फ मात्र इंग्रजी एफसारखा), सॅम्पल बघणे 'थय पान', आणि कपड्यांच्या कारखान्यात सॅम्पल शिवायची जी वेगळी खोली असते ती 'पान फोंग'.

मी गार्मेंटच्या लाइनमधला, त्यामुळे मला ही म्हण वाडग्यापेक्षा पान फोंगमधूनच जास्त समजते. सॅम्पलरूममध्ये काय चालतं बघा: बायरने पाठवलेला शर्ट टेबलावर उलटा पसरलेला, मास्तर टेप लावून कॉलरची उंची घेतोय, मग खांदा, मग बटणपट्टी, मग शिलाईवर पट्टी ठेवून एका इंचात किती टाके पडलेत ते मोजतोय, खिशाच्या कोपऱ्याला बारटॅक (मजबुतीसाठी एकाच जागी घातलेले दाट टाके) आहे की नुसती दुहेरी शिलाई तेही लिहून घेतोय. इथे कल्पकता दाखवलीत तर लॉट रिजेक्ट होईल. इथे चिऊ पान च्यू वून हाच धर्म. आता समजा त्या शर्टावर आतलं लेबल घाईत तिरकं शिवलं गेलं होतं. मास्तर अनुभवी असेल तर फोन करून विचारेल. नसेल तर अख्खा लॉट तिरक्या लेबलाचा निघेल आणि बायर कपाळाला हात लावेल. कृती तीच, शब्दही तेच, पहिल्या वेळी कौतुक आणि दुसऱ्या वेळी शिवी.

वाडगा कुठून आला त्याबद्दल सांगतात ते असं की हॉटेलात गिऱ्हाइकाने शेजारच्या टेबलावरचा पदार्थ दाखवायचा आणि म्हणायचं, तो नमुना बघा आणि तसाच एक वाडगा करून आणा. म्हणींच्या जन्मकथा बऱ्याचदा मागाहून रचलेल्या असतात, पण लक्षात ठेवायला कथा झकास आहे.

पायरी ४: वाक्यात बसवा

म्हण क्रियापदासारखी चालते. कर्ता आधी, मग चार शब्द, मग शेपूट. शेपूट म्हणजे वाक्याच्या शेवटचे ते छोटे छोटे ला, लो, मे वगैरे, त्यांच्यावर कँटोनीजचं निम्मं राजकारण चालतं.

सूचना म्हणून: 'नेई चिऊ पान च्यू वून चउ तक् ला.' तू दिलंय तसं कर, झालं काम. इथे 'चउ तक् ला' म्हणजे 'की झालंच, पुरे'. वाक्य दिलासा देणारं आहे, नवीन माणसाला काम समजावताना म्हणतात. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. 'तक्'मधला क् तोंडातच अडवायचा, बाहेर सोडायचा नाही.

टोमणा म्हणून: 'ख्यॉय तेई चिऊ पान च्यू वून, यत् ती सन यी तोऊ मोऊ.' त्यांनी नुसतं उतरवलंय, नवेपणा औषधालाही नाही. ओळखायची खूण म्हणजे 'सन यी', नवी कल्पना, आणि शेवटचा 'मोऊ', नाही. म्हणीच्या आसपास 'सन यी' आणि 'मोऊ' ऐकू आले की समजा कुणाची तरी हजेरी घेतली जातेय.

मनाई म्हणून: 'म् होऊ चिऊ पान च्यू वून.' जसंच्या तसं उचलू नको. शिक्षक म्हणतात, डिझाइनवाले म्हणतात. 'म्' हा अख्खा शब्द आहे, ओठ मिटून नुसता म्, स्वर नाही.

आणि माझं आवडतं: 'यन् तेई तीम चोऊ, ङो तेई मय चिऊ पान च्यू वून लो.' लोक जसं करतात तसंच आपण पण करायचं, अजून काय. शेवटच्या 'लो'ने खांदे उडवल्यासारखं होतं, 'त्यात काय एवढं' असा सूर. हे वाक्य माणूस स्वतःबद्दल म्हणतो, म्हणून कुणाला लागत नाही, आणि नवशिक्याने सुरुवात करावी ती याच वाक्याने. 'ङो' म्हणजे मी, 'वाङ्मय' मधला ङ, जो आपण शाळेत शिकून विसरलो. हाँगकाँगची बरीच मंडळी हल्ली ङ गाळून नुसतं 'ओ' म्हणतात आणि 'नेई'चं 'लेई' करतात, जुन्या लोकांना ते खटकतं आणि ते त्याला 'लान यम', आळशी उच्चार, म्हणतात. तुम्ही दोन्ही ओळखा, बोला कसंही.

म्हण क्रियाविशेषणासारखीही लावता येते: पुढे 'कम्' जोडा, 'चिऊ पान च्यू वून कम् चोऊ', बरहुकूम करणे. लिखाणात हे जास्त दिसतं.

एक वापर यादीत सहसा नसतो तो म्हणजे जशास तसं. एका कंपनीने भाव पाडला, दुसऱ्यानेही तसाच पाडला: चिऊ पान च्यू वून. फुटबॉलच्या बातम्यांत तर सर्रास, पहिला गोल डावीकडून क्रॉस टाकून डोक्याने मारला आणि दुसराही अगदी तसाच मारला, की वार्ताहर म्हणणार चिऊ पान च्यू वून. इथे नकलेचा कमीपणा औषधालाही नाही, उलट 'पुन्हा तेच करून दाखवलं' असा थाट असतो.

हॉटेलात मात्र ही म्हण वापरू नका. जन्मकथा हॉटेलातली असली तरी वेटरला म्हणून उपयोग नाही, तो आधीच घाईत असतो, तुमचे सूर कच्चे, आणि मागे रांग लागलेली. शेजारच्या टेबलाकडे बोट करा, 'नी को, म् कॉय' म्हणा, म्हणजे 'हे, प्लीज', आणि गप्प बसा. पोटभर जेवण मिळेल.

पायरी ५: कुणाला म्हणायची, कुणाला नाही

बरोबरीच्या माणसाला, ओळखीच्या माणसाला, स्वतःला: चालते. हाताखालच्या माणसाला सूचना म्हणून: चालते. साहेबाच्या प्रेझेंटेशनबद्दल साहेबासमोर: अजिबात नाही. एखाद्याच्या चित्राबद्दल, गाण्याबद्दल, दुकानाच्या सजावटीबद्दल त्याच्या तोंडावर म्हणालात तर 'तुला स्वतःचं डोकं नाही' असंच ऐकू येणार, मग तुम्ही शेवटी कितीही गोड 'ला' लावा.

आणि चोरी वेगळी. कुणी दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवलं असेल तर तिकडे 'छाव' हा शब्द आहे, उंच सपाट सुरात. गोष्टीतली क्लृप्ती, जाहिरातीची आयडिया ढापली तर 'छाव खिऊ'. चिऊ पान च्यू वूनमध्ये लपवाछपवीचा आरोप नाही, सगळ्यांसमोर, कधी कधी सांगूनसवरून केलेली नक्कल आहे. आरोप असलाच तर डोकं न वापरल्याचा. (तोच 'छाव' चढत्या सुरात म्हटला तर कढईत परतणे, आणि नोकरीवरून काढून टाकण्यालाही परतणेच म्हणतात. म्हणजे 'त्याने कॉपी केली' आणि 'त्याला काढला' यात फक्त आवाजाच्या चढाचा फरक. ऑफिसात जपून.)

पायरी ६: शेजारच्या म्हणी, म्हणजे गल्लत होणार नाही

सगळ्यात जवळची आणि सगळ्यात घरंदाज: 'यी यॉंग वाक वू लोऊ', नमुना बघून तुंबा काढणे. तुंबा म्हणजे तो कमरेत आवळलेला भोपळा, चिनी चित्रांत म्हाताऱ्या सिद्धपुरुषांच्या काठीला लटकलेला असतो तो. ही म्हण नुसती कँटोनीज नाही, अख्ख्या चीनमध्ये चालते, मँडरिनवाल्याशी बोलताना हीच वापरा कारण चिऊ पान च्यू वून ही क्वांगतुंग (हाँगकाँगला लागून असलेला चिनी प्रांत), हाँगकाँग, मकाव आणि जगभरच्या कँटोनीज वस्त्यांतली बोली म्हण, उत्तरेकडचा माणूस नुसता बघत राहील.

तुंब्यामागची गोष्ट सांगितलीच पाहिजे. सुंग घराण्याचा पहिला सम्राट थायझू, सत्तेवर आला ९६० साली. त्याच्या दरबारी थाव कू नावाचा विद्वान, हानलिन या राजलेखन-मंडळात होता, फर्मानं लिहायचं काम. हा गडी आधीच्या दोन-तीन राजवटींची नोकरी करून आलेला, आणि सत्तांतराच्या वेळी जुन्या बालराजाचा राजत्यागाचा मसुदा कुणाकडे तयार नव्हता तेव्हा याने म्हणे बाहीतून काढून दिला, आधीच लिहून ठेवलेला! आता एवढी सेवा केल्यावर मोठं पद मिळावं अशी त्याची अपेक्षा. त्याने दुसऱ्याकरवी सम्राटाच्या कानावर घातलं की थाव कू इतकी वर्षं मेहनतीने लिहितोय. सम्राट हसला आणि म्हणाला, हानलिनवाले जुन्या लोकांचे मसुदे पुढ्यात घेतात आणि चार शब्द बदलतात असं ऐकतो, हे तर नमुना बघून तुंबा काढणं झालं, त्यात मेहनत कसली? थाव कूने चिडून मंडळाच्या भिंतीवर कविता लिहिली, तिचा शेवट असा की हसा या थाव पंडिताला, दरसाल नमुना बघून तुंबेच काढतोय. सम्राटाने ती वाचली आणि त्याचं मन आणखीच उतरलं, मोठं पद काही मिळालं नाही. सुंगकाळातल्या टिपणवहीत ही हकीकत नोंदलेली आहे. मला यातली गंमत ही वाटते की ज्या कामात नवीन शब्द घातला तर डोकं उडायचं, त्याच कामात नवीन काही केलं नाही म्हणून बढती नाकारली. सरकारी मसुदे लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.

'चिऊ तान चप् यॉक्', चिठ्ठीप्रमाणे औषध बांधून देणे. चिनी औषधांच्या दुकानातून आलेली, लाकडी कप्पे उघडून चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच तोलून द्यायचं. अर्थ जवळपास तोच, पण इथे नमुन्याच्या जागी यादी किंवा हुकूम असतो. फॉर्म भरून घेणारा कारकून हे करतो.

'यव यॉंग होक यॉंग', जसं बघितलं तसं शिकला. पोरांबद्दल. बाप सिग्नल तोडतो, पोरगं पण तोडतं.

'छाव लांग फान', गार भात परतणे. हे आपलं 'शिळ्या कढीला ऊत', तंतोतंत. स्वतःचंच किंवा कुणाचं तरी जुनं पुन्हा गरम करून वाढणं, टीव्हीवाले आणि पुढारी यांच्यासाठी राखीव. स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र म्हण अन्याय करते, परतलेला भात गारच चांगला होतो.

'कन फुंग', वाऱ्यामागे जाणे. एकाचं चाललं की सगळ्यांनी तेच काढणे. याचं उदाहरण खाण्यातलंच देतो. ॲन्ड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाने मकावच्या कोलोआन भागात १९८९ साली बेकरी काढली आणि पोर्तुगीज धाटणीचा, वरून डागलेला अंड्याचा टार्ट विकायला लागला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याची लाट हाँगकाँग आणि तैवानमध्ये अशी उसळली की जो तो टार्टचं दुकान काढून बसला आणि मग तितक्याच वेगाने दुकानं बंद झाली, तैवानमध्ये तर फसलेल्या लाटेला 'टार्ट-परिणाम' असंच नाव पडलं. सिनेमातही तेच, १९८९मध्ये जुगाऱ्यावरचा एक हाँगकाँग सिनेमा तुफान चालला आणि पुढे जुगारपटांची रांग लागली. आता एका दुकानाने शेजारच्याची रेसिपी, खोका, पाटी सगळं उचललं तर ते चिऊ पान च्यू वून. सगळं गाव टार्ट विकायला लागलं तर ते कन फुंग. एकात नमुना एक असतो, दुसऱ्यात वारं.

यावर हाँगकाँगच्या करमणूक धंद्याचं एक बेरकी उत्तर आहे: 'खिऊ म् फा कव, चॉय कन यिऊ सव.' आयडिया जुनी असली तरी घाबरायचं नाही, लोकांनी घेतली म्हणजे झालं. 'कव' आणि 'सव'चं यमक जुळतं म्हणून लगेच पाठ होतं. कुणी तुमच्या कामाला चिऊ पान च्यू वून म्हणालं तर हे ठेवून द्या.

पुस्तकी म्हणी दोन आहेत, हान्दान शहराची चाल शिकायला गेलेला आणि स्वतःचीही चाल विसरून रांगत घरी आलेला तरुण, आणि सुंदरीच्या कपाळावरची आठी बघून तशीच आठी पाडणारी कुरूप शेजारीण. दोन्ही 'च्वांगत्झू' या प्राचीन ग्रंथातल्या. पण त्या फसलेल्या नकलेच्या आहेत. चिऊ पान च्यू वूनमध्ये नक्कल फसत नाही, वाडगा व्यवस्थित शिजतो. भाषणात जागा चुकवू नका.

पायरी ७: कान तयार करा

बोलण्याआधी ऐकून ओळखायचा सराव करा. हाँगकाँगच्या टीव्ही सिरियली लावा, ऑफिसवाल्या, हॉटेलवाल्या, भावाभावांच्या धंद्याच्या भांडणाच्या. राजवाड्यातल्या ऐतिहासिक सिरियलींत ही म्हण कमी, तिथे तुंबा निघतो. सबटायटल इंग्रजी असतील तर त्यात 'कॉपी', 'सेम', 'फॉलो' असं काही दिसलं की मागे जाऊन ऐका, चार शब्दांची ती मधून वर, वर, वर जाणारी लय सापडते का. सापडली की तिथेच थांबून स्वतःला तीन गोष्टी विचारा: कोण कुणाला म्हणालं, आधी कशाबद्दल बोलणं चाललं होतं, आणि शेवटी शेपूट कुठलं लागलं. 'चउ तक् ला' असेल तर सूचना, 'मोऊ' असेल तर टोमणा, 'लो' असेल तर खांदे उडवलेत. वरच्या सुरात 'मे' लागला असेल तर 'काय, नुसतं उतरवून काढायचं म्हणता?' असा अविश्वास.

हे जमायला लागलं की मगच तोंडाने वापरा, आणि पहिल्यांदा वापराल ती स्वतःच्या कामाबद्दल, एखाद्या निवांत वेळी, जेवणाच्या सुट्टीत वगैरे. सहकारी विचारेल हे एक्सेल इतकं पटकन कसं केलंस, तर मागच्या महिन्याच्या फाइलकडे बोट करा आणि म्हणा, 'मय चिऊ पान च्यू वून लो.' सूर बरोबर पडले तर तो हसून पुढचं काहीतरी वेगात बोलेल जे तुम्हाला कळणार नाही. तेव्हा 'मत् ये वा?' म्हणायचं, 'काय म्हणालास?', आणि त्याला पुन्हा सावकाश बोलायला लावायचं.